कोपरभर खोल

आसावरी घोडकेला नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीच्या मराठी मंडळात सगळे ओळखायचे, पण ती नक्की काय काम करते हे विचारलंत तर एकालाही धड सांगता आलं नसतं. "ती ना, खड्डे खणते," असं म्हणायचे आणि हसायचे. सॉफ्टवेअर, फार्मा, क्लाउड असल्या गुळगुळीत मंडळीत फावडं घेऊन फिरणारी बाई म्हणजे गंमतच की हो! पार्टीत भेटली की ठरलेला प्रश्न: "काय गं, सापडला का खजिना?" आणि ती उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत मंडळी घरांच्या किमतींवर पोचलेली असायची.

आणि खोटं कशाला बोला, खड्डेच खणायची ती. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मोठं बांधकाम काढायचं म्हटलं की आधी जमीन तपासून घ्यावी लागते, खाली जुन्या माणसांचं काही आहे का ते. अशी तपासणी करणाऱ्या एका कंपनीत आसावरी होती. खड्डा काढायचा, माती चाळणीतून चाळायची, काही निघालं नाही तर बुजवायचा आणि पुढे जाऊन दुसरा काढायचा. रिकाम्या खड्ड्यांवर बांधकामवाले खूश असतात. काही निघालं की काम थांबतं आणि सगळ्यांची तोंडं आंबट होतात.

बाई मूळची ओतूरची. पुण्याला पुरातत्त्व शिकली, पीएचडीला इकडे आली, ती अर्धी राहिली. लग्न करून ॲरिझोनात चँडलरला गेली, तेही अर्धंच राहिलं. दोन बॅगा घेऊन कॅरीला उतरली तेव्हा तिला घरात घेतलं ते एकनाथ काकांनी आणि लता काकूंनी. एकनाथ वाघचौरे म्हणजे जुने सिव्हिल इंजिनियर, रिटायर्ड, मंडळाचा आधारस्तंभ वगैरे. काकूंनी तर एक प्रश्न विचारला नाही, गरम वरणभात वाढला आणि बेसमेंटच्या खोलीत स्वच्छ चादर घातली. पुढे आसावरीने स्वतःचं अपार्टमेंट घेतलं, पण रविवारचं जेवण काकूंकडे, हे कायम. तिला दुसरं माहेरच नव्हतं म्हणा ना. आई-वडील गेलेले, भाऊ फोन उचलत नाही.

काकांचं शिवजयंतीचं भाषण सगळ्या कॅरीत प्रसिद्ध होतं. मूठभर माणसं, दऱ्याखोऱ्यांचा आसरा, समोर अवाढव्य बादशाही, आणि तरी वाकले नाहीत! असं म्हणताना काकांचा आवाज दर वर्षी त्याच जागी भरून यायचा. बायका डोळे पुसायच्या. पोरं मागे फोनवर गेम खेळायची.

तर त्या वर्षी मार्चमध्ये आसावरीला एक साइट मिळाली. नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियाच्या सीमेवर एक अफाट दलदल आहे. कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, कमरेपर्यंत गिळणारा काळा चिखल, साप, अस्वलं, आणि डासांचं तर विचारूच नका. गुलामीच्या काळात याच दलदलीत माणसं पळून येत होती. एकटीदुकटी नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या येत होती. मळ्यावरून निसटायचं, चिखल तुडवत आत जायचं, आणि आतल्या कोरड्या उंचवट्यांवर झोपड्या घालून राहायचं. इंग्रजीत त्यांना मरून्स म्हणतात. मालकांनी बंदुका पाठवल्या, कुत्रे सोडले, बक्षिसं लावली. जो हाती लागला त्याची पाठ चाबकाने सोलली, कान कापले, नाहीतर बायकापोरांपासून तोडून लांब विकला. तरी माणसं जातच राहिली. तिथे पोरं जन्मली, वाढली, म्हातारी होऊन मेली, आणि कुणाच्या बापाच्या मालकीची नव्हती ती.

या दलदलीची एक खोड आहे. तिच्यात दगड नाही. वाळू आहे, चिखल आहे, कुजलेल्या पानांचे थरच्या थर आहेत, पण सुपारीएवढा खडा म्हणाल तर नाही. आणि माती इतकी आंबट की हाडंसुद्धा विरघळतात. मेलेल्या माणसाचं तिथे काही म्हणून उरत नाही. दगड तेवढा उरतो. म्हणून त्या मातीत दगड निघाला तर समजायचं, कुणीतरी तो हातात धरून बाहेरून आत आणलाय.

दलदलीच्या काठाला एका कंपनीला गोदामं बांधायची होती. मध्ये झाडीत एक वाळूचा उंचवटा होता, तो सपाट करून त्याचीच वाळू भरावाला वापरायची असा बेत. आसावरीने त्या उंचवट्यावर पहिला खड्डा काढला आणि चाळणीत टक्‌ असा आवाज झाला. दगड. दुसऱ्यात दगड. तिसऱ्यात करड्या-हिरव्या दगडाचं, इथल्या मूळ रहिवाशांचं जुनं बाणाचं टोक, पुढे कुणीतरी हत्यार म्हणून घासून घासून पुन्हा धार लावलेलं. बाई एकटीच चिखलात उभी राहून मोठ्याने हसली. इतकी वर्षं बाटल्यांच्या काचा आणि गंजलेले खिळे उपसले होते तिने!

"माझ्या माणसांत काय शोधतेयस?" मागून आवाज आला.

या मिस वर्नेल. वय ऐंशीला टेकलेलं, हातात काठी, पायात मुलाचे जुने रबरी बूट. काठावरच्या छोट्या लाकडी घरात एकट्या राहायच्या. गुलामी संपली तेव्हा दलदलीतून बाहेर आलेल्या माणसांनी तिथेच काठाला वस्ती केली होती, त्या घराण्यातल्या त्या. उंचवट्यावर त्यांच्या लोकांच्या कबरी होत्या. वर खूण एकही नाही, कारण लपून राहिलेला माणूस कबरीवर खूण ठेवत नसतो. खूण दिसली की माग लागतो.

आसावरीने फावडं खाली ठेवलं आणि त्यांना सगळं सांगितलं. इथे ती माणसं राहिली आणि इथेच पुरली गेली हे सिद्ध झालं तर उंचवटा वाचेल, नाहीतर उन्हाळ्यात बुलडोझर येईल. मिस वर्नेलनी ते ऐकलं, तिला घरी नेलं, मक्याची भाकरी आणि वाल खाऊ घातले. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. आसावरी जायला लागली. कुणीतरी तिच्या कामाबद्दल तासन्‌तास बोलत होतं, हे तिला नवीन होतं. मिस वर्नेलचा मुलगा डॅरिल आदल्या हिवाळ्यात वारला होता. त्याची खुर्ची त्यांनी आसावरीला बसायला दिली.

ईस्टरनंतरच्या रविवारी त्यांनी तिला सोबत उंचवट्यावर नेलं. घराण्यातली पाचसहा म्हातारी माणसं लांबून लांबून आली होती, चर्चच्या कपड्यांत आणि चिखलाच्या बुटांत. प्रत्येकाच्या हातात एक दगड. मिस वर्नेलच्या हातात पांढरा, अंड्याएवढा, मधून तांबडी रेघ गेलेला. "डॅरिलसाठी," त्या म्हणाल्या. मग गुडघे टेकून त्यांनी हाताने वाळू उकरली, कोपरापर्यंत हात आत घातला, दगड तळाशी ठेवला आणि वाळू लोटून वरून पानं पसरली. सगळ्यांनी तसंच केलं. वर काही म्हणता काही दिसेना. "दर वर्षी," मिस वर्नेल म्हणाल्या, "माझ्या आजीच्या आजीपासून. आत दगड नाही ना, म्हणून बाहेरचे आणायचे. चांगला दगड बघून. माझी मावशी तंबाखूच्या शेतात सापडलेली बाणाची टोकं आणायची."

आसावरीने त्यांच्या वाळूने माखलेल्या कोपराकडे पाहिलं.

कळलं ना काय झालं ते? तिचा सगळा पुरावा म्हणजे दगड. आणि ते दगड कुणी आणले, दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने की मावशीने, हे आता सांगणार कोण? ज्यांनी इतक्या मायेने आपल्या माणसांची सोबत केली, त्यांनीच नकळत साक्ष पुसून टाकली होती. आसावरी त्या म्हाताऱ्यांकडे बघत राहिली. रागवायचं कुणावर? एवढं सुंदर काही तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर तिचं डोकं चालायला लागलं. हात पोचतो कोपरापर्यंत. मग त्याच्या खाली? कोपराच्या खूप खाली, जिथे कुणाचा हात पोचलेला नाही, तिथल्या घट्ट न हललेल्या थरात एक जरी दगड मिळाला, चुलीचा काळा डाग मिळाला, तरी तो जुन्यांचाच! फक्त जमिनीतलं पाणी थोडं उतरायला हवं. तिने बॉसला पटवलं. मेमध्ये बांधकामाच्या परवानगीसाठी काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, सुनावणी झाली की लगेच खोल खोदायचं ठरलं. सुनावणीत एवढंच सांगायचं होतं, की दगड मिळालेत, आणखी खोल बघायला वेळ द्या. असा वेळ सहसा मिळतो.

आणि मग आला तो रविवार. काकूंनी मसालेभात केला होता. आसावरी आली तीच लकाकत आली.

"काय गं, आज स्वारी खुशीत?" काका म्हणाले. "सापडला वाटतं खजिना!"

"हो काका. खरंच सापडला."

साइटबद्दल बाहेर बोलायचं नसतं. तिला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण घरात कसलं आलंय बाहेर? ज्या ताटात इतकी वर्षं जेवली तिथे काय हातचं राखायचं? तिने दलदल सांगितली, पळून आलेली माणसं सांगितली, कुत्रे सांगितले. काकांनी चमचा खाली ठेवला.

"अगं, म्हणजे हा गनिमी कावाच की! लता, ऐकतेयस का? आपल्या मावळ्यांसारखेच हे लोक!"

आसावरीला भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या घरात कुणी तिच्या कामाबद्दल पुढचं विचारत होतं. आणि काका विचारतच गेले. कुठली ही जागा नक्की? कुठल्या रस्त्यापासून आत? अच्छा, अच्छा. दगड पुरतात? दर वर्षी? आणि किती खोल गं?

तिने बाही वर सारली आणि स्वतःचा हात जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवला. "इथपर्यंत," ती कोपरावर बोट ठेवून म्हणाली. "त्याच्या खाली मिळालं तरच आमचं."

"आणि त्याच्या वर मिळालेलं?"

"ते कुणाचंही असू शकतं ना, काका."

"बरोबर," काका म्हणाले, आणि काकूंना म्हणाले, "तिला भात वाढ अजून." काकू उठल्या नाहीत. त्या काकांकडे बघत होत्या. आसावरीने स्वतःच वाढून घेतला.

सुनावणी काउंटीच्या हॉलमध्ये होती. मिस वर्नेल निळी टोपी घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आसावरी आपल्या कंपनीच्या लोकांबरोबर बाजूला. आणि पलीकडे, जमीनवाल्या कंपनीच्या वकिलाशेजारी, प्रेस केलेल्या ब्लेझरमध्ये एकनाथ काका! तिला वाटलं आपल्यासाठी आले. अहो, वेडी ती, तिला खरंच तसं वाटलं. तिने हात हलवला, काकांनीही हसून हलवला. मग वकिलाने भागीदारांची ओळख करून दिली. कॅरीतल्या काही कुटुंबांनी मिळून ही जमीन घेतली होती, आणि त्यांच्या वतीने आले होते मिस्टर वाघचौरे.

वकील मिस वर्नेलशी फार अदबीने बोलला.

"मॅडम, तुमच्या कुटुंबाने या उंचवट्यावर दगड पुरलेत का?"

"हो तर. दर वर्षी."

"बाणाची टोकंसुद्धा?"

"माझी मावशी आणायची. चांगली असली तर."

"किती खोल, जरा दाखवाल?"

मिस वर्नेल उठल्या आणि त्यांनी कोपराला हात लावला. मान ताठ होती त्यांची. त्यांना वाटलं, अखेर कुणीतरी सरकारदरबारी हे लिहून घेतंय.

"म्हणजे दगडाकडे बघून तो कुणी ठेवला हे कुणालाच सांगता येणार नाही?"

"देवाला येईल," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये काही लोक हसले. वकिलाने त्यांचे आभार मानले. मग त्याने आसावरीला विचारलं, तुमच्याकडचा एक तरी दगड नक्की जुना आहे असं तुम्ही शपथेवर सांगाल का? खोल खोदलं तर, असं ती म्हणायला गेली. आजच्या घडीला, वकील म्हणाला. आजच्या घडीला, होय की नाही? ती "नाही" म्हणाली. झालं. मिळालेले दगडच अलीकडचे असताना आणखी खोदून सगळ्यांचा वेळ का घालवायचा, असं ठरलं आणि पुढचा विषय निघाला, शाळेच्या बसथांब्याचा.

बाहेर काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चिडलीस होय गं? अगं, बिझनेस आहे हा. मंडळातल्या दहा घरांनी रिटायरमेंटचं काय काय यात अडकवलंय. त्या बाईबद्दल माझ्या मनात काहीसुद्धा नाही. उलट आदर आहे. आणि मी काय हेरगिरी केली? तूच तर सांगितलंस जेवताना."

मिस वर्नेल पायऱ्यांवर काठी टेकून उभ्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण खांद्यावरचा हात कळत होता. त्यांनी तो हात पाहिला, मग आसावरीचा चेहरा पाहिला, आणि टोपी सारखी करून हळूहळू गाडीकडे गेल्या.

जुलैमध्ये बुलडोझर आला. उंचवटा सपाट व्हायला एक सकाळ पुरली. कोपराच्या खाली काय होतं ते आता कुणालाच कधी कळणार नाही. आसावरीने रविवारचं जेवण सोडलं. मिस वर्नेलना फोन केले, ते कुणी उचलले नाहीत. काम चालूच होतं, दुसऱ्या साइट्स, दुसरे खड्डे. पोट कुणाला चुकलंय!

दिवाळीत काकूंचा फोन आला. "फराळाला ये गं. माझ्यासाठी ये." आवाज रडवेला होता, म्हणून ती गेली.

मंडळाची दिवाळीतली किल्ल्यांची स्पर्धा असते. पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात, वर मावळे मांडतात, आणि बक्षीस बहुधा काकांच्या घरी जातं. या वर्षीचा किल्ला तर बघण्यासारखा होता. काळीभोर माती, बुरूज, पायऱ्या, तटाला गोल गोल दगड. काकांचा नातू आर्य आणि त्याची मित्रमंडळी हात काळे करून बसली होती.

"माती बघितलीस?" काका तिच्याशी जणू काही झालंच नाही अशा थाटात बोलायला लागले. "दुकानातून पोती विकत आणतात हे लोक, वेडे! साइटवर ढीगच्या ढीग पडलाय. गाडीची ट्रंक भरून आणली. दगडही चांगले मिळाले, आयते गोल गोल."

आसावरी खाली बसली. बालेकिल्ल्याच्या टोकावर भगवा झेंडा होता, आणि झेंड्याखाली पाया म्हणून पांढरा, अंड्याएवढा दगड. मधून तांबडी रेघ.

तिने झेंडा काढून बाजूला ठेवला आणि दगड उचलला. वरचा बुरूज ढासळला.

"हे! दॅट्स अवर बालेकिल्ला!" आर्य ओरडला.

"अगं, दगड तर आहे," काका म्हणाले. "पोरांचा किल्ला कशाला मोडतेस?"

"माणूस आहे तो," ती किंचाळली. "त्या बाईचा पोरगा आहे! महाराजांचं नाव घेताना लाज कशी नाही वाटत हो तुम्हाला?" काकू दारात चिवड्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली, पण बोलल्या नाहीत. त्या घरात त्या कधीच बोलल्या नव्हत्या.

आसावरी तशीच गाडीत बसली आणि थेट दलदलीच्या काठाला गेली. मिस वर्नेल ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. उंचवट्याच्या जागी आता गोदामाची पत्र्याची लांबलचक भिंत दिसत होती. तिने दगड त्यांच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी तो पदराने पुसावा तसा ॲप्रनने पुसला आणि रेघेवरून अंगठा फिरवला.

"कुठे होता?"

खोटं बोलता आलं असतं. तिने खरं सांगितलं. मुलांच्या खेळातल्या किल्ल्यात होता.

मिस वर्नेलनी पत्र्याच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्या माणसांना कुत्र्यांनी शोधलं. बंदुकवाल्यांनी शोधलं. बक्षिसासाठी शेजाऱ्यांनी शोधलं. कुणालाही सापडली नाहीत ती." त्यांचा आवाज चढला नाही. "तुझ्याकडे बंदूकसुद्धा नव्हती, पोरी. तुला मी हात धरून नेलं."

"मिस वर्नेल, मी..."

त्यांनी दगड तिच्या हातात परत दिला आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"ने हा. माझ्याकडे आता याला ठेवायला जागा नाही."

वालाची टोपली उचलून त्या आत गेल्या, आणि आतून दाराला कडी लावल्याचा आवाज आला.